आत्मा नाही, तर मग ओळखत होतं ते कोण?

सुतगाठ | रविवार, रात्री ९:४०

जय भीम, नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही सोलापूरचे, बुधवार पेठेकडचे. माझ्या बाबांनी चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात वहिफणीचं काम केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावरचं बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, संपत आलं की नवीन बीम चढवतात. मग जुन्या बीमच्या प्रत्येक सुताच्या टोकाला नव्या बीमचं एकेक सूत गाठ मारून जोडायचं. हजारांवर गाठी. बाबांची गाठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतच व्हायची. आपण बघेपर्यंत हात पुढच्या सुतावर गेलेला असायचा.

वर्षभरापासून बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस. परवा गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत हात सुटला, तर पार्क चौकात अर्धा तास एकाच जागी उभे राहिले. आणि मागच्या महिन्यात मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "ताई, तुम्ही कुठल्या?"

आज विहारात वंदनेनंतर एका काकांनी अनत्तलक्खण सुत्त, म्हणजे आत्मा नाही हे सांगणारं बुद्धांचं प्रवचन, समजावून सांगितलं. सारनाथला पाच भिक्खूंना सांगितलेलं. रूप (शरीर) म्हणजे मी नाही, वेदना (सुख-दुःख जाणवणं) म्हणजे मी नाही, सञ्ञा (ओळखणं) नाही, संखार (मनाची घडण, सवयी) नाही, विञ्ञाण (जाणणं) सुद्धा नाही. लहानपणापासून ऐकत आलेय. आज मात्र पोटात खड्डा पडला. आत्मा नाही हे मी मानते, मनापासून मानते. पण मग मला ओळखत होतं ते कोण होतं? ते गेलं कुठं? आणि आता मला "ताई" म्हणतं ते कोण?

मला वाद नको, खरंच समजून घ्यायचंय.

नवीपेठ | रविवार, रात्री ९:५८

वाचतेय. बाबांना जपा आणि स्वतःलाही.

मंगळवेढेकर | रविवार, रात्री १०:३१

ताई, तुमचा प्रश्न जुना आहे आणि तो विचारणाऱ्याचं नावही टिकून आहे, मोलिय फग्गुन. संयुत्त निकायात येतो. विञ्ञाण हा एक आहार आहे असं बुद्ध सांगत होते, तर हा मध्येच विचारतो, "भन्ते, हा आहार घेतं कोण?" बुद्ध म्हणाले, "प्रश्न बरोबर नाही. 'कोण' असं मी म्हणतच नाही. 'कशामुळे' असं विचार, मग उत्तर देता येईल." मग तो विचारतो, स्पर्श कोणाला होतो? वेदना कोणाला होते? प्रत्येक वेळी तेच उत्तर.

आधी मला ती टाळाटाळ वाटायची. मग दुसरं एक सुत्त वाचलं. त्यात सारिपुत्त सांगतात की विञ्ञाण आणि नामरूप (मन-शरीर) एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन मोळ्यांसारखे आहेत. आमच्याकडे ज्वारी काढली की कडब्याच्या पेंढ्या अशाच उभ्या करतात. एक पेंढी एकटी उभी राहत नाही. दोन टेकवल्या की राहतात. आता त्या उभ्या पेंढ्यांत "उभं राहणारा" शोधायचा म्हटलं तर कुठं सापडणार? आणि उभं राहणं तर खोटं नाही ना. पाऊस आला तर आत कोरडं राहतं.

चंद्रभागा | रविवार, रात्री ११:०५

पंढरपुराहून राम कृष्ण हरी. सुतगाठताई, तुमचं दुःख पोचलं. पण मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो.

गाढ झोपेतून उठल्यावर माणूस म्हणतो, "मला छान झोप लागली, काही कळलं नाही." काही कळलं नाही हे ज्याला कळलं, तो कोणीतरी तेव्हाही जागा असणारच. मन बदलतं, शरीर बदलतं, मान्य. पण बदल बघायला न बदलणारा कोणी लागतो. नदी वाहते हे काठावरच्यालाच दिसतं. ताई, तुमच्या बाबांची बुद्धी झाकोळली असेल, आतला साक्षी तसाच आहे. यात धीर आहे, तो तुम्ही का सोडता?

नागसेनवन | सोमवार, सकाळी ७:१५

चंद्रभागा, तुमचा मुद्दा नीट आहे, उत्तरही नीटच द्यायला हवं.

बुद्धांच्याच संघात साती नावाचा भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. तो म्हणायचा, "हेच विञ्ञाण जन्मोजन्मी फिरतं, तेच बोलतं, तेच भोगतं." बुद्धांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर कडक शब्दांत सुनावलं. म्हणाले, कारणांशिवाय विञ्ञाण उपजतच नाही. आणि दाखला दिला विस्तवाचा. लाकडावर पेटला तर लाकडाचा विस्तव, गवतावर पेटला तर गवताचा, गोवरीवर पेटला तर गोवरीचा. तसं डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजतं ते चक्षुविञ्ञाण, कान आणि शब्द यांच्यामुळे श्रोत्रविञ्ञाण. असे सहा प्रकार, सहावं मनाचं. लाकूड, गवत, गोवरी सगळ्यांच्या मागे "नुसता विस्तव" वेगळा ठेवलेला नसतो.

मग सलगता कशी? ते मिलिंद राजाने भिक्खू नागसेनांना विचारलं. नागसेनांनी उलट विचारलं, रात्रभर दिवा जळतो, तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही. दुसरा दाखला दुधाचा. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून तूप नाही. "तोही नाही, दुसराही नाही."

मी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिलं प्रश्न विचारणाऱ्या राजाचं, आणि परिसराला, नागसेनवनाला, उत्तर देणाऱ्या भिक्खूचं. या एका गोष्टीवर मी अनेकदा थांबलोय.

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ८:०२

आमचं अख्खं लहानपण मिलिंद नगरच्या गल्लीत क्रिकेट खेळण्यात गेलं ओ मालक, आणि तो मिलिंद ग्रीक राजा होता हे मला आज कळतंय! दिव्याचा दाखला लई आवडला.

पालीचा_तास | सोमवार, दुपारी १:२०

चंद्रभागांचा झोपेचा प्रश्न अभिधम्माने, म्हणजे बौद्धांच्या मनाच्या शास्त्राने, फार बारकाईने घेतलाय, म्हणून लांब लिहितेय.

अभिधम्मात झोपेत चित्त बंद पडत नाही आणि मागे कोणी साक्षीही बसलेला नसतो. भवंग नावाचं चित्त क्षणोक्षणी उपजत-विरत राहतं, प्रवाहासारखं. त्याला बाहेरचा विषय नसतो, म्हणून "काही कळलं नाही". अट्ठकथेतला (जुन्या टीकाग्रंथातला) आंब्याचा दाखला बघा. एक माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन आंब्याखाली झोपलाय. फळ पडतं, आवाजाने जाग येते. पांघरूण काढून बघतो, फळ उचलतो, चेपून बघतो, वास घेतो, खातो, गिळतो, परत झोपतो. एखादी गोष्ट नुसती दिसते तेव्हाही एवढे टप्पे होतात. सतरा चित्तक्षण मोजलेत. त्यातले सात "जवन" म्हणजे आंबा खाणं, आणि कर्म घडतं ते तिथं. नुसतं दिसण्याने काही बिघडत नाही, दिसलेल्यावर आपण काय करतो त्याने घडतं किंवा बिघडतं.

आता सुतगाठ, तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंत, "ओळखत होतं ते कोण?" रूप, वेदना वगैरे जे पाच गट, म्हणजे खंध, त्यांच्यामध्ये ओळखण्याच्या कामाला स्वतंत्र नाव आहे, सञ्ञा. विसुद्धिमग्ग या ग्रंथात आचार्य बुद्धघोष सांगतात, सुतार लाकडावर खूण करून ठेवतो, म्हणजे पुन्हा बघितल्यावर "हेच ते" कळावं. सञ्ञेचं काम एवढंच, खूण करणं आणि खुणेवरून ओळखणं. तिथंच नाण्यांचा दाखला आहे. लहान मूल नाणी बघतं, त्याला नुसता रंग आणि आकार कळतो. खेडुताला किंमतही कळते. सराफाला खरं-खोटं, कुठल्या टांकसाळीतलं, सगळं कळतं. सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा (प्रज्ञा) यांच्यातला हा फरक.

म्हणजे "बाबा" नावाची एक सबंध वस्तू हरवली असं नाही. खुणेचं काम थकलंय. बाकीची चार कामं चालू आहेत का, ते बघा. हे मी ग्रंथातलं तुमच्या घराला लावून बघतेय, चुकत असेन तर माफ करा.

निळी_पहाट | सोमवार, रात्री ९:१०

जय भीम. इथं कोणी रागावू नये, पण कोणीतरी हे बोललं पाहिजे.

चित्तं एकोणनव्वद, चेतसिकं (चित्तासोबत येणारे मनाचे धर्म) बावन्न, क्षण सतरा. ही मोजदाद करत बसायला बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंना नेलं नव्हतं. त्यांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात हाच प्रश्न रोखठोक मांडलाय: आत्मा नाही, तर कर्म कसं, पुनर्जन्म कसा? आणि उत्तर देताना त्यांनी कुठलंही गूढ उभं केलं नाही. शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही आपापल्या साठ्यात मिसळतात, आत्मा कुठं जात नाही. ताईंच्या वडिलांनी चौतीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली. त्याबद्दल धम्म काय म्हणतो ते बोला.

इगतपुरीची_वाट | सोमवार, रात्री १०:२५

निळी पहाट, तुमचं अर्धं मान्य. पण त्याच ग्रंथात बाबासाहेब हेही सांगतात की मन हे सगळ्याचं केंद्र आहे, ही बुद्धांच्या शिकवणीची पहिली खूण. धम्मपदाची पहिली गाथा "मनोपुब्बङ्गमा धम्मा" हीच, मन आधी चालतं. मग मन कसं चालतं ते बघायला वेळ दिला तर ते पळ काढणं कसं?

मी एमआयडीसीत फिटर आहे. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास. पुढे तासभर न हलता बसायचं असतं. माझा डावा गुडघा असा पेटला की डोळ्यांतून पाणी आलं. "माझा गुडघा, मला दुखतंय, मी मेलो", हेच चाललं होतं. सहाव्या का सातव्या दिवशी केव्हातरी ते सुटं झालं. ठणका आहे. ठणक्यावर चीड आहे. चीड निराळी, ठणका निराळा. ठणकाही एकसारखा नाही, उठतो, विरतो, जागा बदलतो. आणि "मी" कुठं आहे म्हणून बघायला गेलो तर आणखी एक विचार उठलेला दिसला, बाकी काही नाही. दोनतीन मिनिटांचीच गोष्ट. पण त्या दिवसापासून बायकोवर हात काय, आवाजही उचललेला नाही. ते माझ्यासाठी गूढ नाही, ते रोजच्या संसारातलं आहे.

निळी_पहाट | सोमवार, रात्री १०:४०

शेवटची दोन वाक्यं परत वाचली. असं असेल तर माझी हरकत नाही. मला राग आहे तो डोळे मिटून वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांचा. तुम्ही तसे नाही.

औषधवाला | मंगळवार, सकाळी ९:३०

सुतगाठ, तत्त्वज्ञान चालू द्या, पण आधी एक सांगा, बाबांच्या तपासण्या झाल्या का? बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तरी विसरभोळेपणा येतो, आणि तो औषधाने बराच सुधारू शकतो. "वय झालं" म्हणून लोक वर्षानुवर्षं घरात बसून राहतात. दोन्ही तपासण्या साध्या रक्ताच्या आहेत. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवाच.

"कोण नाही, कशामुळे" हे मंगळवेढेकरांनी वर लिहिलंय ना, आमच्या धंद्यातही पहिला प्रश्न तोच असतो.

उखळ | मंगळवार, दुपारी ३:५०

एका बाजूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. महायानातल्या असंग आणि वसुबंधू या आचार्यांनी सहा विज्ञानांच्या पुढे आणखी दोन मांडली: "मी, मी" करत राहणारं क्लिष्ट मन, आणि आलयविज्ञान, म्हणजे साठवणीचं. आपण जे करतो-बोलतो त्याचा वास तिथं लागतो, तो वास म्हणजे वासना. फुलांत ठेवलेल्या तिळांच्या तेलाला फुलांचा वास येतो, हा त्यांचा दाखला. माझ्या मनात येतं ते आमचं उखळ. आजीपासून त्यात शेंगाची चटणी कुटली जाते. चटणी संपते, उखळ धुऊन पालथं घालतो, तरी तळाशी नाक नेलं की लसणाचा आणि तिखटाचा वास येतोच. नवीन कुटलेल्यालाही तो लागतो. मला वाटतं बाबांचं तसंच आहे. वर काही दिसत नसलं तरी वास आहे.

पालीचा_तास | मंगळवार, दुपारी ४:३०

दाखला सुंदर आहे, पण एक धोका सांगते. उखळ दगडाचं आहे, वास येवो-जावो ते तसंच राहतं. आलयविज्ञान असं मानलं की मागच्या दाराने आत्मा घरात आला. संधिनिर्मोचन सूत्रात हीच भीती बोलून दाखवलीय, की हे सगळ्यांना सांगत नाही, लोक यालाच आत्मा समजतील. वसुबंधूंनी त्याला वाहता ओघ म्हटलंय. दगड नव्हे, पाणी.

उखळ | मंगळवार, दुपारी ४:४१

बरोबर. तरी उखळ दर वर्षी थोडं झिजतं, आजीच्या वेळेपेक्षा आता खोल झालंय. मी दाखला सोडत नाही.

चंद्रभागा | मंगळवार, रात्री ८:१५

मी सगळं शांतपणे वाचलं. नदी काठावरच्यालाच दिसते असं मी म्हणालो होतो. काठही झिजतो, हे आमच्या चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून कळायला हवं होतं. तरी माझा साक्षी मी सोडणार नाही, ती माझी श्रद्धा आहे. पण तुमच्याकडे आत्मा नाही म्हणजे सगळं शून्य, कोरडं, असं मी समजत होतो. तसं नाही, हे कळलं.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ८:५०

अवांतर: शीर्षकाखाली "विज्ञान" शब्द दिसला म्हणून माझ्या दहावीतल्या पोराने सायन्सचा धागा समजून उघडला. आता विचारतोय की आंबा पडला तर न्यूटन का नाही झाला!

नागसेनवन | मंगळवार, रात्री ९:२०

पोराला सांगा, प्रश्न चांगला आहे. आणि पालीतला विञ्ञाण म्हणजे जाणणं, शाळेतलं विज्ञान म्हणजे जाणून घेतलेलं.

अवांतराला अवांतर: बाहिय दारुचीरिय हा आपल्याच सुप्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तो तिथून थेट श्रावस्तीला गेला. बुद्ध भिक्षेला निघाले होते, तर रस्त्यातच अडवून म्हणाला, आत्ताच सांगा, कोण कधी मरेल काय भरवसा. बुद्धांनी तिसऱ्यांदा विनवल्यावर सांगितलं: पाहण्यात नुसतं पाहणं असू दे, ऐकण्यात नुसतं ऐकणं, जाणण्यात नुसतं जाणणं. मग तू "त्यात" नसशील. तो तिथंच मुक्त झाला, आणि थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईने त्याला मारलं. त्याने घाई केली ते बरं झालं.

मंगळवेढेकर | बुधवार, सकाळी ६:४०

पाच खंधांचे पाच दाखलेही एका सुत्तात आहेत. रूप म्हणजे फेस, वेदना म्हणजे पावसाचा बुडबुडा, सञ्ञा म्हणजे मृगजळ, संखार म्हणजे केळीचं खोड, विञ्ञाण म्हणजे जादूगाराचा खेळ. केळीच्या खोडाचं एकेक सोपट काढत गेलो तर आत गाभ्याला लाकूड नसतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि मे महिन्यात हायवेवर मृगजळ कोणी बघितलं नाही?

पण घड त्याच खोडाला येतो. तेवढं मी माझ्या पदरचं जोडतो.

सुतगाठ | गुरुवार, रात्री १०:१०

सगळ्यांचं दोनदा-तीनदा वाचलं. उत्तर द्यायला वेळ लागला कारण काल दवाखान्यात होतो.

पालीचा तास, तुम्ही म्हणालात, बाकीची चार कामं चालू आहेत का बघा. मी चार दिवस तेच केलं. चहा गरम लागला की बाबा "हा" करतात, गोड झाला की डोळे मिटतात. वेदना आहे. दारात कोणी आलं की मान वळते. विञ्ञाण आहे.

आणि काल रात्रीचं सांगते. घरात एक टॉवेल होता, त्याची दशी सुटली होती. मी सहज बाबांच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ नुसता हात फिरवत होते. मग बोटांना दोन सुटी सुतं लागली. अंगठा, तर्जनी, चिमटी, झाली गाठ. जादाचं टोक दाताने तोडलं आणि बोटं पुढचं सूत चाचपायला लागली. मी शेजारी बसून मोजलं, एकेचाळीस गाठी. एकही सुटली नाही. चौतीस वर्षांचे संखार, ते अजून काम करतायत.

मग मला बीम आठवलं. जुन्या बीमचं सूत नव्या बीममध्ये जात नाही. जुनं सूत गाठीपाशी संपतं. तरी माग थांबत नाही, कापड तेच पुढे चालतं. लहानपणी डबा घेऊन गेल्यावर मी हे रोज बघायचे, आणि दिव्याचा, दुधाचा दाखला ऐकूनही मला हे सुचलं नव्हतं.

नाव त्यांनी घेतलं नाही. बेचाळीसावी गाठ मारताना न बघताच म्हणाले, "जेवलीस का?" "जेवलात का" नाही. "जेवलीस का."

उखळ | गुरुवार, रात्री १०:१९

डोळे भरून आले. पुढे लिहवत नाही.

निळी_पहाट | गुरुवार, रात्री १०:३३

ताई, कारखान्यातून बाबांचा फंड, पेन्शन सगळं मिळालं का? नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कागद घेऊन बसू. हे काम मला येतं.

औषधवाला | गुरुवार, रात्री १०:५०

रिपोर्ट काय आला?

सुतगाठ | गुरुवार, रात्री ११:०२

बी-१२ बरंच कमी आहे, इंजेक्शन आजपासून सुरू. थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले, सगळं त्यामुळेच असेल असं नाही, मेंदूचा फोटोही काढू, किती फरक पडतो ते तीन महिन्यांनी बघू. निळी पहाट, फंडाचे अर्धेच मिळालेत, उद्या व्यनि करते.

मंगळवेढेकर | शुक्रवार, सकाळी ६:१५

रविवारी मी सोलापुरात आहे. शेतात हुरडा आलाय, बाबांसाठी आणतो. चालेल का?

सुतगाठ | शुक्रवार, सकाळी ७:०५

या नक्की. हुरडा त्यांना ओळखू येईल. चटणी आमच्याकडं.